‘सोडियम कमी झालं’ या वाक्यामागचा इतिहास

घरातले आजोबा रात्रीतून भलतंच बोलायला लागतात, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात. दवाखान्यात रक्त तपासलं की कळतं, सोडियम ११८. निरोगी माणसात लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं. मग कुणीतरी डबा आणताना भाजीत चिमूटभर मीठ जास्त घालतं. मिठाचा आणि डोक्याचा संबंध आहे एवढं खरं, पण तो कळायला बराच काळ गेला.

सुरुवात एका चुकीपासून झाली. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८२च्या सुमारास बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत होतं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं, साध्या नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर ठोके मंदावून थांबले! लंडनच्या जड पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं. रिंगर यांनी १८८३च्या निबंधात ही गफलत सरळ कबूल केली. आज सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ दिसतं ते त्यांचंच नाव.

१९०२मध्ये अर्न्स्ट ओव्हरटन यांनी बेडकाचा स्नायू साखरेच्या पाण्यात ठेवला. सोडियम नाही म्हटल्यावर स्नायू मुका झाला, मिठाच्या पाण्यात परत टाकताच पुन्हा हलला. पण त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ बर्नस्टाईन यांनी चेतातंतूंतल्या विद्युत संदेशाची पोटॅशियमवर आधारलेली मांडणी पुढे केली आणि पुढची काही दशकं तीच चालली. ओव्हरटन यांचं फारसं कुणी ऐकलं नाही.

त्यांना न्याय मिळवून दिला तो कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्या स्क्विडने. त्याचा एक चेतातंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, आत तार सरकवता येते. १९३९मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथला हॉजकिन आणि हक्स्ले या शास्त्रज्ञांनी ती सरकवली. तंतूचा आतला भाग एरवी बाहेरच्या मानाने ऋण असतो, आणि बर्नस्टाईन यांच्या मांडणीप्रमाणे संदेश जाताना तो फार तर शून्यावर यायला हवा होता. पण तो नुसता शून्यावर येत नव्हता, धन होत होता. महायुद्ध आडवं आलं. नंतर हॉजकिन आणि कात्झ यांनी समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी करून पाहिलं, तर ती उसळी खुजी झाली, म्हणजे ती सोडियममुळेच होती. हे सारं गणितात मांडणाऱ्या हॉजकिन-हक्स्ले यांच्या १९५२च्या निबंधांतली आकडेमोड हक्स्ले यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता.

इथे एक घोटाळा हमखास होतो. आजोबा बरळतात ते चेतातंतूंना सोडियम पुरत नाही म्हणून नव्हे. रक्तात सोडियमच्या मानाने पाणी वाढलं की ते मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात, आणि कवटीत जागा मोजकीच असते. बऱ्याचदा मीठ कमी नसतंच, त्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. चिमूटभर मीठ तिथे काय करणार?

एकदोन दिवसांत पेशी आतले क्षार बाहेर टाकून फुगवटा आवरतात. अशा वेळी सोडियम झपकन वाढवलं तर त्या आक्रसतात आणि चेतातंतूंवरचं मायलिन नावाचं संरक्षक आवरण सुटू शकतं. १९५९मध्ये या इजेचं पहिलं वर्णन छापून आलं, पण घाईच्या उपचाराशी तिचा संबंध बराच नंतर जुळला. म्हणून आता आकडा २४ तासांत साधारण ८ ते १०पेक्षा जास्त चढू देत नाहीत. ११८चे १३० व्हायलाही दोन दिवस जातात आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना वाटतं, डॉक्टर उगाच बिल वाढवताहेत.