हिरव्या पाण्यातले बांगडे, निळ्या पाण्यातला कुपा

लक्षद्वीपला जाऊन आलेले लोक तिथल्या पाण्याचे फोटो दाखवतात, तळातली वाळू दिसते इतकं नितळ, आणि आपल्या गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याचं पाणी बघून नाक मुरडतात. पण मासे खाणाऱ्यांनी आपल्या गढूळ हिरव्या पाण्याला नावं ठेवू नयेत! पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खोलातलं थंड पाणी वर येतं, सोबत खतासारखे क्षार आणतं, मांडवी-जुवारी नद्या आणखी भर घालतात, मग सूक्ष्म वनस्पती म्हणजे प्लँक्टन माजतं आणि ते गाळून खाणारे तारले-बांगडे थव्याने वाढतात. म्हणून तर टोपल्याच्या टोपल्या एकाच माशाच्या.

बेटांभोवती समुद्र एकदम खोल होतो, वरचं गरम हलकं पाणी खालच्या पाण्यात मिसळत नाही, क्षार तळाशीच राहतात. निळंशार पाणी म्हणजे खरं तर उपाशी पाणी. तरी प्रवाळावर मासे भरपूर दिसतात कारण तिथे अन्न वाया जातच नाही, सगळं फिरून फिरून वापरलं जातं. जाती खूप, पण एकेका जातीचे मासे कमी. तांबोशी, गोबरे, चोचीने प्रवाळ खरवडून वाळू हगणारा पोपटमासा (मालदीवच्या पांढऱ्या किनाऱ्यांवरची बरीच वाळू त्याचीच).

यातला गोबरा मला सगळ्यात नाजूक वाटतो. तो सावकाश वाढतो, आणि बऱ्याच जातींत आधी मादी असतो, मोठा झाला की नर. म्हणजे मोठे मोठे गोबरे उचलले की नरच संपतात. शिवाय प्रवाळावरच्या शेवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचं विष छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं, काही बेटांवर मोठा गोबरा किंवा तांबोशी खाऊन लोक आजारी पडतात, थंड वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. शिजवून, तळून ते विष जात नाही.

लक्षद्वीपच्या लोकांनी यावर फार शहाणपणाची वाट काढलीय. ते मुख्यतः बाहेरच्या खोल समुद्रातला कुपा, म्हणजे ट्यूना पकडतात. लगूनमधले, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातले, छोटे मासे पकडून होडीत जिवंत ठेवायचे, कुप्याचा थवा दिसला की पाण्यात फेकायचे आणि काठीला गळ लावून एकेक कुपा वर खेचायचा. कुपा लवकर वाढतो, सतत पोहत असतो, आणि तेवढा ऑक्सिजन लागतो म्हणून त्याचं मांस लालभडक. उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवला की त्याचा ‘मास’ होतो (या सुकवलेल्या कुप्याचं तिथलं नाव), आणि तो महिनोन् महिने फ्रिजशिवाय टिकतो.