आडवी बासरी की अलगूज? क्लास लावण्याआधी हा फरक बघा

नवा विद्यार्थी येणार असला की पालक फोनवर हमखास सांगतात, "सर, बासरी घरात आहे, नवीन घ्यायला नको." ती बहुधा जोतिबाच्या यात्रेतून नाहीतर रंकाळ्याच्या चौपाटीवरून आणलेली असते. बांबूचीच, सहा भोकांची, वर रंगीत दोरा गुंडाळलेला. पण तिचं एक टोक तिरपं कापलेलं असतं, आत लाकडी बूच आणि बुचाच्या वरच्या अंगाला बारीक फट. टोक ओठांत धरून फुंकलं की लगेच वाजते. हे अलगूज, आपल्याकडे कुणी त्याला पावाही म्हणतं. मैफलीत ऐकतो ती आडवी बासरी वेगळी. तिचं एक टोक बंद असतं आणि फुंकायचं भोक नळीच्या अंगावर असतं.

बोटं दोन्हीवर जवळपास सारखीच पडतात, म्हणून घोटाळा होतो. वरची तीन भोकं झाकली की सा, दोन झाकली की रे, एक झाकलं की ग, सगळी मोकळी सोडली की तीव्र म. शुद्ध म हवा तर पहिलं भोक अर्धं झाकायचं. खाली उतरताना चार झाकून नी, पाच झाकून ध, सहाही झाकली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, प. हे गणित नीट पाडलेल्या अलगुजावरही चालतं. त्यामुळे अलगुजावर वर्षभर गाणी वाजवलेल्या मुलाला वाटतं, आपल्याला निम्मी बासरी येते. बोटांपुरतं ते खरं आहे. खरी अडचण ओठांशी सुरू होते.

दोन्हीत आवाज निघतो तो हवेचा पातळ झोत एका कडेवर आपटून. झोत क्षणात आत, क्षणात बाहेर झुकतो आणि नळीतली हवा थरथरू लागते. अलगुजात हा झोत ती फट घडवते. त्याची जाडी, कोन, कडेपासूनचं अंतर कारागिरानं एकदा ठरवलं की वाजवणाऱ्याच्या हातात फक्त फुंकेचा जोर उरतो. बासरीत हे सगळं ओठांनी करायचं, आणि प्रत्येक स्वराला किंचित वेगळं. म्हणूनच अलगूज पहिल्या मिनिटाला बोलतं आणि बासरीतून स्वच्छ स्वर यायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. पालकांनी याचा संबंध मुलाच्या हुशारीशी लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती असते. ओठांची आणि दातांची ठेवण प्रत्येकाची निराळी.

अलगुजावर वरच्या सप्तकात जायचं तर जोरात फुंकायचं, एवढंच. ती सवय घेऊन आलेला विद्यार्थी बासरीवरही गाल फुगवतो. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, येतो, पण किंचाळत आणि चढा. बासरीवर वर जाताना ओठांतली फट लहान करायची, ओठ कडेच्या जरा जवळ न्यायचे, झोत बारीक आणि वेगवान ठेवायचा. हवा जास्त लागत नाही. सुरुवातीला अनेकांना चक्कर येते, तीही निम्मी हवा भोकाबाहेर वाया जाते म्हणून. अशा वेळी बासरी खाली ठेवायची, पाच मिनिटं बसायचं. मी पहिले काही तास बोटांना हातच लावू देत नाही. आरशासमोर उभं राहून सगळी भोकं मोकळी ठेवून नुसती फुंक, मग एकेक बोट. हे दहा मुलांच्या बॅचमध्ये होत नाही. कुणाची बासरी ओठाच्या मध्याला नाही, कुणी ती फार आत वळवतो आणि स्वर उतरतो, हे समोर एकच विद्यार्थी असला तरच दिसतं. अलगूज मात्र शाळेत वर्गभर एकदम शिकवता येतं.

दुसरा मोठा फरक आवाजाच्या लहान-मोठेपणाचा. अलगुजावर फुंक हलकी केली की स्वर उतरतो, वाढवली की चढतो. एकच पंचम बारीक सुरू करून मोठा करत न्यायचा आणि तंबोऱ्याला सोडायचं नाही, हे त्यावर फार अवघड. बासरीवर फुंक कमी होईल तसे ओठ ती उणीव भरून काढतात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते हे कोल्हापूर. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत ख्याल ऐकत मुरलेला श्रोता स्वराच्या लगावाकडे, म्हणजे स्वर कसा लावला याकडे, आधी बघतो. बासरीही पूर्वी लोकसंगीतात, हलक्याफुलक्या चालींतच असायची. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी अडीच फुटांहून लांब, खर्जाची बासरी घडवून घेतली आणि तिच्यावर ख्याल वाजवला. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच कामाचा.

मग अलगूज टाकून द्यायचं का? अजिबात नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची बोटं बासरीच्या भोकांवर पुरत नाहीत, ओठांचा कंटाळा येतो. त्यानं वर्षभर चांगल्या अलगुजावर अलंकार आणि ताल पक्का केला तर पुढे फायदाच होतो. नवीन कवळी बसवलेल्या आजोबांनाही मी कधीकधी तेच देतो. पण यात्रेतलं घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांची भोकं सारख्या मापाची, सारख्या अंतरावर पाडलेली असतात आणि त्यातून शुद्ध सप्तक निघत नाही. कान एकदा त्या सुराला सवकला की सुधारायला फार वेळ जातो.

जे वर्षानुवर्षं अलगूज सुंदर वाजवतात, भजनात साथ करतात, त्यांना मी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगतो: महिना-दोन महिने तुम्ही नवशिके असाल. या काळात अलगूज बंद करू नका, फक्त दोन्हींचा रियाज एकाच बैठकीत नको. त्यांची जीभही तपासावी लागते. अलगुजावर प्रत्येक स्वर 'तु' म्हणून तोडायची सवय असते. बासरीवर गायकी अंगानं वाजवताना एका फुंकेत चार-सहा स्वर जोडायचे, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, बोट सरकवून भोक हळूहळू उघडत घ्यायची.

विकत घेताना नवशिक्या मोठ्या माणसानं पांढरी एकची (म्हणजे जिचा सा पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा), साधारण दीड फुटाची बासरी घ्यावी. वाजवता येत नसेल तर ज्याला येतं त्याला सोबत न्या. मोबाइलवर तंबोरा लावून तीन बोटांचा सा आणि सहा बोटांचा प जुळतो का बघा, मग तोच सा वरच्या सप्तकात. वरचा सा हटत असेल तर ती ठेवून द्या. बंद टोकातलं बूच काडीनं ढकलून बघू नका. ते हललं की वरचं सप्तक बिघडतं. एप्रिलमध्ये बासरी गाडीच्या डिकीत राहिली तर चिरते. अलगुजाचं दुखणं पावसाळ्यातलं: बूच फुगतं, फट अरुंद होते आणि आवाज घोगरा येतो. कोरड्या जागी दोन दिवस ठेवलं की बहुधा सुटतं. पांढरी तीनची लांब बासरी, कितीही मोह झाला तरी, बोटं ताणल्याशिवाय मधल्या आकाराच्या बासरीवर आलाप जमू लागल्यावरच घ्या.