ताकायामा पाहिलंत ना? मग हिदा कुठलं?

ताकायामाबद्दल मी फार लिहीत नाही. लाकडी घरांच्या गल्ल्या, साके (तांदळाची दारू) बनवणाऱ्या जुन्या पेढ्या, नदीकाठचा सकाळचा बाजार, हे सगळं जपानला जाऊन आलेलं कुणीही सांगेल. फक्त त्या फोटोंखाली ‘हिदा शहर’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं उठतं.

हिदा हे मुळात प्रांताचं नाव. आजच्या गिफू प्रीफेक्चरचा (प्रशासकीय विभागाचा) उत्तरेकडचा डोंगराळ भाग म्हणजे जुना हिदा, दक्षिणेकडचा मिनो. ताकायामा हे त्या हिदाचं मुख्य ठाणं. तिथं कानामोरी घराण्याचा किल्ला होता. 1692 साली शोगुननं, म्हणजे जपानच्या लष्करी शासकानं, कानामोरींना दुसरीकडे हलवलं आणि प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला. पुढचा कारभार ताकायामातल्या ‘जिन्या’तून, म्हणजे सरकारी कचेरीतून, चालला. तेव्हा ‘हिदा-ताकायामा’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. हिदातलं ताकायामा, एवढाच त्याचा अर्थ.

घोळ सुरू झाला 1 फेब्रुवारी 2004 ला. त्या दिवशी फुरुकावा, कामिओका, कावाई आणि मियागावा ही चार गावं एक झाली आणि नव्या नगरपालिकेनं चक्क अख्ख्या प्रांताचं नाव उचललं: हिदा-शी. ‘शी’ म्हणजे शहर. आजची लोकवस्ती जेमतेम वीस-बावीस हजार. बरोबर वर्षभरानं ताकायामानंही आजूबाजूची नऊ गावं पोटात घेतली. ताकायामाचं क्षेत्रफळ झालं 2,177 चौरस किलोमीटर, जपानमधल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. त्यातलं बहुतेक जंगल आहे, ही गोष्ट वेगळी.

परिणाम असा की नावात ‘हिदा’ असलेल्या बऱ्याच गोष्टी हिदा शहरात नाहीतच. ओकुहिदाचे गरम पाण्याचे झरे? ‘ओकु’ म्हणजे आतलं, खोलवरचं. पण हे ‘आतलं हिदा’ ताकायामाच्या हद्दीत येतं. जुनी घरं आणून मांडलेलं ‘हिदा नो सातो’ हे उघड्यावरचं संग्रहालयही ताकायामातच. हिदा-कोकुफू स्टेशन ताकायामात, हिदा-हागिवारा स्टेशन तर गेरो शहरात. स्टेशनांच्या नावापुढचं ‘हिदा’ हे त्याच नावाच्या दुसऱ्या गावांशी गल्लत होऊ नये म्हणून लावलेलं. नगरपालिकेशी त्याचा संबंध नाही. (हिदा-ओसाका नावाचंही एक स्टेशन आहे. मोठ्या ओसाकाचा ‘ओ’ जपानीत दीर्घ, इथला ऱ्हस्व. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे जरा जपून.) आणि ज्याचं एवढं कौतुक चालतं ते हिदा-ग्यू, म्हणजे हिदाचं गोमांस, ते तर प्रांतापुरतंही नाही. गिफूमध्ये कुठेही किमान 14 महिने पोसलेलं आणि दर्जात बसणारं जनावर असलं की ते नाव मिळतं.

उलटी चूक मला जास्त खुपते. सुपर-कामिओकांडे, म्हणजे डोंगराखाली हजार मीटरवर 50 हजार टन पाणी भरलेली न्यूट्रिनोची (एका अतिसूक्ष्म कणाची) वेधशाळा, जिच्यातल्या कामासाठी 2015 चं नोबेल मिळालं, ती ‘ताकायामाजवळ’ असल्याचं सर्रास लिहितात. ती हिदा शहरात आहे, कामिओकाच्या जुन्या खाणीत. याच खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून खाली तोयामापर्यंत गेलं आणि तिथल्या लोकांची हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ रोग तो हाच. कामिओकाचं नाव घ्यायचं तर वेधशाळा आणि हा रोग, दोन्हींसाठी घ्यावं.

गवती छपरांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेलं शिराकावा-गो या दोन्ही शहरांत नाही. ते वेगळं खेडं आहे. पुढे चला.

हिदा शहर ‘पाहायचं’ म्हणजे व्यवहारात फुरुकावा पाहायचं. ताकायामाहून रेल्वेनं पंधराएक मिनिटं. पांढऱ्या भिंतींच्या कोठारांना लागून सेतो कालवा वाहतो आणि त्यात रंगीत कोई मासे असतात. हिवाळ्यात मात्र त्यांना तळ्यात हलवतात, म्हणून जानेवारीत जाऊन ‘मासेच नाहीत’ अशी तक्रार करू नये. मला विचाराल तर ताकायामापेक्षा इथं जास्त निवांत वाटतं.

वसंतातल्या उत्सवांचीही अशीच सरमिसळ होते. रथ दोन्हीकडे आहेत आणि 2016 पासून दोन्ही युनेस्कोच्या एकाच यादीत आहेत. पण ताकायामाचा उत्सव 14-15 एप्रिलला, फुरुकावाचा 19-20 ला. आणि 19 च्या रात्री उघड्या अंगाचे शेकडो पुरुष जो प्रचंड ढोल मिरवतात, तो फक्त फुरुकावात निघतो. त्या रात्रीची खोली ताकायामात घेतली असेल, तर परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.