बागेत आधी सावली पाहा, मग घसरगुंडी

भर दुपारी बागेतल्या घसरगुंडीला हात लावून पाहा, चटका बसतो. तिच्याखालचं रबरी मॅटिंगही तितकंच तापलेलं असतं. तिथून चार पावलांवर, दाट झाडाखालच्या मातीवर हात टेकला तर ती चक्क गार लागते.

सावली हे त्याचं दिसणारं कारण. न दिसणारं कारण पानांत आहे. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. मुळांनी ओढलेलं पाणी तिथून वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाताना भोवतालची उष्णता घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नसते. पाणी 0 अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. पेव्हर ब्लॉक मात्र दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. दोन वर्षांच्या मुलाचं तोंड जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर असतं. ती धग मोठ्यांच्या आधी त्याला लागते. झाडं काढून फरशी घातलेल्या जागेला बाग म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मातीलाही आपण उगाच घाबरतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी काही पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातली माती आणि गवत आणून पसरलं. तीन ते पाच वर्षांची मुलं तिथे रोज खेळली. 28 दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारयंत्रणेला आवरून धरणाऱ्या रक्तातल्या घटकांमध्येही चांगला बदल दिसला. हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. मुलं 75च होती, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. तरी कपडे मळतील म्हणून मुलाला मातीतून उचलताना मी आता थबकते.

डोळ्यांचंही तसंच. झाडाखालच्या सावलीतसुद्धा घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो, आणि रोज बाहेर खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा त्रास, होण्याचा धोका कमी असतो.

पण मूल बागेत किती वेळ राहणार, हे बाकावर बसलेलं माणूस ठरवतं. बाक उन्हात असला की आजी दहा मिनिटांत उठते आणि नातवाचा खेळ अर्ध्यावर मोडतो. म्हणून नवं झाड लावायचं तर ते बाकाच्या पश्चिमेला लावावं. सूर्य कलला की सावली पूर्वेकडे सरकते आणि मुलं खेळायला येतात नेमक्या त्या वेळी बाकावर पडते.