ऑर्किडच्या कुंडीत भरायचं काय? रोप घरी नेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे ऑर्किडचं रोप घेताना निम्मे लोक विचारतात, "लाल माती आणि शेणखत घालू ना?" नका घालू, अगदी कळकळीने सांगतोय. आपण घरी लावतो ती डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, वांडा ही मुळात झाडाच्या फांदीवर वाढणारी मंडळी. आपल्याकडे आंब्याफणसावर सीतेची वेणी लोंबते ना, तेही ऑर्किडच, मे-जूनमध्ये फुलते, तिची मुळं बघा कधी जवळून, सालीला चिकटलेली आणि उघडी, पाऊस आला की चिंब होतात आणि वारा सुटला की लगेच सुकतात. आणि ते बांडगूळ नाहीये हां, झाडाचं काही खात नाही, नुसतं धरून बसतं. म्हणजे कुंडीतल्या मीडियमचं, म्हणजे आपण आत भरतो त्या तुकड्यांचं काम जेवण देणं नाही, मुळांना पकडायला आधार, थोडी ओल आणि भरपूर हवा, बस एवढंच.

गेल्या पावसाळ्यात एक ताई फॅलेनॉप्सिस घेऊन आल्या, पानं मऊ पडून लोंबत होती, त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून रोज घालत होत्या. पेपरवर कुंडी उपडी केली तर बाहेरचे नारळाच्या सोडणाचे तुकडे छान कोरडे आणि मधोमध मॉसचा, म्हणजे ओल धरणाऱ्या सुक्या शेवाळाचा गोळा, पिळला तर पाणी गळलं. मुळं तपकिरी झालेली, दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून हातात आणि आत नुसता दोरा उरलेला. मुळंच कुजली तर पाणी वर चढणार कसं, म्हणून पानं सुकलेली. धड मुळं तीनच होती, बाकीची कापली, बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) आणि कोळशात बसवलं, दिवाळीनंतर नवीन पान आलं. म्हणून सांगतो, कुठूनही रोप आणलंत तर मध्ये असा गोळा आहे का ते आधी बघा. फूल असेल तर ते संपू द्या, मग काढा.

आता भरायचं काय. लाकडी कोळसा सगळ्यात भरवशाचा, लवकर कुजत नाही, हवा खेळती राहते. दगडी कोळसा नको आणि बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्याही नकोत. सुपारीएवढे तुकडे करा, धूळ धुऊन टाका. भाजलेली वीट किंवा जुनं मंगलोरी कौल फोडूनही मस्त चालतं, वजन असतं त्यामुळे उंच वाढलेलं डेंड्रोबियम वाऱ्याने आडवं होत नाही. नारळाचं सोडण कोकणात फुकट मिळतं पण त्यात क्षार असतात, दोन-तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदला, तांबडं पाणी यायचं कमी झालं की वापरा, आणि ते वर्ष-दोन वर्षांत कुजतं हे लक्षात ठेवा. कोकोपीटची भुकटी मात्र नको, सगळ्या फटी बुजतात. पाइन बार्क महाग आहे पण फॅलेनॉप्सिसला आम्ही तोच देतो, दोन भाग बार्क एक भाग कोळसा.

एकच मिक्स सगळीकडे चालत नाही, आणि इथेच जास्त लोक फसतात. मुंबई-कोकणात कुंडी उघड्या पावसात राहणार असेल तर डेंड्रोबियमला नुसता कोळसा आणि वीट, सोडण जवळजवळ नाहीच. नागपूरला, मराठवाड्यात उन्हाळ्यात तेच मिक्स सकाळी भिजवलं की दुपारी कोरडं ठक्क, तिथे सोडणाचे तुकडे निम्मे घाला, वर थोडं मॉस सैलसर पसरा, दाबू नका. पुण्याची बाल्कनी या दोघांच्या मधली. वांडाला तर काहीच नको, लाकडी किंवा प्लास्टिकची जाळीदार बास्केट आणि मोकळी मुळं, पण मग उन्हाळ्यात रोज पाणी द्यायची तयारी हवी.

आणि स्वतःचा हातही ओळखा. रोज पाणी घातल्याशिवाय चैन पडत नसेल तर मोठे तुकडे घ्या, चार-चार दिवस घर बंद असेल तर ओल धरणारं घ्या. पाणी द्यायचं की नाही ते बघायला अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी कुंडीत खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा, काडी ओली लागली तर आज पाणी नाही. मुळं दिसत असतील तर आणखी सोपं, चंदेरी पांढरी म्हणजे कोरडी, हिरवट म्हणजे भिजलेली.

कोळसा-विटेत खाऊ काही नसतो, म्हणून नवीन वाढ चालू असताना आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा, नाहीतर कोळशावर क्षार साठतात. मीडियम दोन वर्षांनी बदला, बुडाशी नवीन मुळांचे हिरवे कोंब दिसायला लागले की तोच मुहूर्त. ग्राउंड ऑर्किड म्हणून जांभळ्या फुलांचं स्पॅथोग्लॉटिस नेताय त्यांनी मात्र वरचं सगळं सोडा, त्याला निचरा होणारी मातीच लागते.

रोप नेताना गाव कुठलं, कुंडी पावसात की गॅलरीत, आणि पाणी कोण घालतं एवढं सांगा, मिक्स त्याप्रमाणे भरून देतो आणि कुंडीवर तारीख लिहितो. आधी नेलेल्या रोपाची पानं लोंबत असतील तर पाणी वाढवू नका, कुंडीसकट घेऊन या, इथेच उपडी करून बघू.