कपलरची जोडी का मिळत नाही? नौकेवरच्या वायरिंगची पार्श्वभूमी

१ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत हर्णैपासून मालवणपर्यंत शाकारलेल्या नौकांवर दुरुस्तीची कामं निघतात. इंजिन आणि जाळ्यांच्या खालोखाल आता नंबर लागतो तो केबिनमधल्या यंत्रांचा. जीपीएस चालू आहे, फिशफाइंडरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्राचा, पडदाही ठीक आहे, पण मागच्या कपलरमधली, म्हणजे वायर जोडायच्या प्लग-सॉकेटमधली, पिन कळकून तुटलेली. कपलरवर ना नाव, ना नंबर.

दोष एकट्या खाऱ्या हवेचा नाही. गुंत्याचं मूळ १९८३ च्या एका निर्णयात आहे.

प्रत्यक्ष मासेमारीत उपयोगी पडणारा पहिला फिशफाइंडर जपानमध्ये १९४८ साली आला. तेव्हा प्रत्येक यंत्र आपल्यापुरतं चालायचं, त्यामुळे ज्याचा त्याचा प्लग असला तरी कुणाचं अडत नव्हतं. पुढे यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायची वेळ आली आणि अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यावसायिकांच्या एनएमईए या संघटनेने १९८३ मध्ये एनएमईए ०१८३ हे मानक काढलं. माहितीचं वाक्य डॉलरच्या खुणेने सुरू व्हावं, ते सेकंदाला ४८०० बिट वेगाने जावं, असं बरंच काही त्यात ठरलं. वायरीच्या टोकाला कोणता कनेक्टर असावा, एवढंच ठरलं नाही.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की केबल फळीतल्या भोकातून ओढताना टोकाचा प्लग अडतो. वायर कापून टर्मिनल पट्टीवर स्क्रूने आवळणं सोपं. लाकडी नौकेवर काम केलेल्या माणसाला हे पटेलही. पण उत्पादकांनी टोक उघडं ठेवलंच कुठे? यंत्राच्या पाठीला प्रत्येकाने आपलं गोल सॉकेट बसवलं, कुठे सहा पिनांचं, कुठे सात, कुठे आठ. वायरींचे रंगही कंपनीगणिक बदलले. ही मोकळीक नाखव्याला नव्हे, अस्सल केबल चढ्या भावाने विकणाऱ्याला फळली. आणि प्लग बसला तरी काम संपत नाही. एकाच साच्याच्या दोन सॉकेटांत १२ व्होल्ट वेगवेगळ्या पिनांवर असू शकतात, म्हणून जाणता वायरमन आधी मल्टीमीटर लावतो, मग प्लग.

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरचा फरक एकदम खाली आला, आणि साधा संचही दर्यावर भरवशाचा झाला. संच वाढले तशी सॉकेटंही वाढली.

त्याच सुमारास आलेल्या एनएमईए २००० मानकाने मात्र कनेक्टर ठरवून दिला: कारखान्यांत आधीपासून वापरात असलेला, १२ मिमी आट्यांचा, पाच पिनांचा गोल एम१२. लाल-काळ्या वायरीत वीज, पांढऱ्या-निळ्यात माहिती, पाचवी शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी. एवढं होऊनही काही मोठ्या उत्पादकांनी आतला व्यवहार तोच ठेवून टोक आपलंच लावलं. दिलासा इतकाच, की आतलं सगळं एक असल्याने अडॅप्टर केबलवर भागतं.

२६/११ नंतर किनाऱ्यावरच्या नौकांची ओळख आणि मागोवा हा सुरक्षेचा विषय झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरातल्या एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेचं ठिकाण कळवणारं यंत्र, बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. म्हणजे केबिनमध्ये आणखी एक डबा, आणखी एक केबल.

गोल कपलरची ओळख पिना, खाच आणि आट्यांच्या व्यासावरून लागते. डब्याच्या आतल्या बारीक पांढऱ्या कनेक्टरांचं तसं नाही. ते दुकानात सरसकट ‘जेएसटी’ म्हणून मागितले जातात, पण ते एका जपानी उत्पादकाचं नाव. त्याच्या मालिका अनेक. एक्सएचमध्ये दोन पिनांतलं अंतर २.५ मिमी, पीएचमध्ये २. दुसऱ्या उत्पादकांच्या मालिकांत २.५४ मिमीही आढळतं. दोन पिनांवर हा फरक कळत नाही, दहा पिनांवर तो ०.३६ मिमी होतो आणि प्लग तिरका बसतो. त्यामुळे व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी मोजपट्टी, पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत लावायचा, येईल त्या मापाला पिनांपेक्षा एकने कमी आकड्याने भागायचं, आणि मगच ऑर्डर द्यायची.