आंतरराष्ट्रीय संबंधांतील मास्टर्स: अभ्यासक्रमाची निवड, पात्रता, कागदपत्रे आणि ऑफरची तुलना

आंतरराष्ट्रीय संबंधांत मास्टर्स करायचे ठरले की बहुतेक जण आधी रँकिंग उघडतात. या विषयातल्या गाजलेल्या क्रमवाऱ्या प्रामुख्याने प्राध्यापक आणि धोरणकर्त्यांच्या मतांवर उभ्या असतात. वर्गात काय शिकवले जाईल, एकूण किती खर्च येईल आणि पदवीनंतर त्या देशात काम करता येईल का, हे त्यांतून कळत नाही. ही उत्तरे शाळेच्या, म्हणजे विद्यापीठातल्या त्या विभागाच्या, संकेतस्थळावर पदवीच्या अटी, फी व आर्थिक मदत आणि पदवीधरांच्या नोकऱ्यांचा अहवाल या पानांवर मिळतात. निवड दोनदा करावी लागते: अर्जापूर्वी, कारण कागदपत्रे तिच्यावर ठरतात; आणि ऑफर हातात आल्यावर, कारण खरी किंमत तेव्हाच कळते.

पदवी कोणत्या जातीची आहे?

नावावरून काही ठरवू नका. ऑक्सफर्डचे आंतरराष्ट्रीय संबंधांतील एमफिल दोन वर्षांचे आहे, त्यात ३०,००० शब्दांपर्यंतचा प्रबंध असतो आणि पुढे पीएचडी करायची असेल तर ते उपयोगी पडते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एमएस्सी एका वर्षाचे, तेही सिद्धान्त आणि संशोधनाकडे झुकलेले. जॉर्जटाउनची एमएसएफएस (परराष्ट्र सेवा), टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलची एमएएलडी (कायदा आणि राजनय), कोलंबिया विद्यापीठाच्या सिपा या शाळेची एमआयए (आंतरराष्ट्रीय व्यवहार), जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सैस या शाळेतील पदव्या किंवा पॅरिसच्या सियान्स पो विद्यापीठातील पिसा या शाळेचे अभ्यासक्रम हे व्यावसायिक वळणाचे. तिथे धोरण-टिपणे (निर्णय घेणाऱ्यासाठी शिफारस मांडणारी छोटी टिपणे), आकडेवारी, वाटाघाटी आणि इंटर्नशिप यांना वजन असते.

व्यावसायिक शाळांतही फरक आहेत आणि ते अटींच्या पानावरच सापडतात. सैसची ओळख अर्थशास्त्रावर आहे. सिपाच्या एमआयएला परकीय भाषेतील प्रावीण्य सिद्ध करावे लागते. त्याच इमारतीतल्या एमपीएला (सार्वजनिक प्रशासन) ही अट नाही. जॉर्जटाउन आणि फ्लेचरमध्येही दुसऱ्या भाषेची परीक्षा असते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इथे अनेकदा सूट किंवा सोपा मार्ग मिळतो, पण तो आपोआप मिळत नाही. लेखी विचारून घ्यावा लागतो.

पात्रता

कुठल्याही विषयातील पदवी बहुतेक ठिकाणी चालते. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, तीन वर्षांची पदवी. काही विद्यापीठांना ती पुरते, काही चार वर्षांच्या समकक्षतेचा आग्रह धरतात. हे उत्तर प्रवेश कार्यालयाकडून ईमेलवर घ्या आणि जपून ठेवा. दुसरी, पूर्वअट असलेले विषय. हार्वर्ड केनेडी स्कूलच्या एमपीए-आयडीला (आंतरराष्ट्रीय विकासावरचे एमपीए) सूक्ष्म अर्थशास्त्र, समष्टी अर्थशास्त्र आणि बहुचल कलन (मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस) हे विषय महाविद्यालयीन पातळीवर झालेले असणे बंधनकारक आहे. इतरत्र अट इतकी कडक नसते, पण राज्यशास्त्र किंवा साहित्याच्या पदवीधराच्या गुणपत्रकात गणिताचा एकही विषय नसेल तर समितीला तेच आधी दिसते. अर्जाच्या सहा-आठ महिने आधी सूक्ष्म आणि समष्टी अर्थशास्त्राचे श्रेयांक देणारे ऑनलाइन कोर्स केले तर ही उणीव बऱ्यापैकी भरून निघते. नुसते सहभागाचे प्रमाणपत्र फारसे मोजले जात नाही. श्रेणी असलेले गुणपत्रक मोजले जाते.

कामाचा अनुभव अनेक ठिकाणी सक्तीचा नाही, तरी व्यावसायिक शाळा दोन-तीन वर्षे काम केलेल्याला झुकते माप देतात. चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीत मात्र तो नियमच आहे: २,८०० तासांचा अनुभव, तीन वेगळ्या कोर्सची निवड आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परत. तिची अर्जाची खिडकी साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होते, म्हणजे विद्यापीठांच्या अर्जांच्याही आधी. अमेरिकी परराष्ट्र सेवेत जाणाऱ्यांसाठीच्या पिकरिंग आणि रँगेल फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांसाठी असतात; इतरांनी त्यांत वेळ घालवू नये.

कागदपत्रे आणि नेमके काय चुकते

गुणपत्रके सर्व सत्रांची लागतात, बदलून घेतलेल्या किंवा अर्ध्यावर सोडलेल्या कॉलेजचीही. स्वतः टक्केवारीचे चारपैकी ग्रेड-सरासरीत (जीपीए) रूपांतर करू नका. मूळ पद्धतीत भरा आणि विद्यापीठाची श्रेणी-तालिका जोडा. गुणपत्रकावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळत नसेल, तर नावबदलाचा कागद अर्जासोबतच द्या. नंतर व्हिसाच्या टप्प्यावर तो शोधायला धावपळ होते.

इंग्रजीसाठी आयईएल्ट्स किंवा टोफेलचे गुण दोन वर्षे वैध असतात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या अभियोग्यता परीक्षेचे पाच वर्षे. आयईएल्ट्सची ‘अकॅडेमिक’ परीक्षाच द्यायची. चुकून ‘जनरल ट्रेनिंग’ निवडणारे दर वर्षी सापडतात आणि त्यांचे पैसे वाया जातात. जीआरई अनेक शाळांत आता ऐच्छिक आहे. ऐच्छिक असताना ती द्यायची का? गुणपत्रकात गणित-अर्थशास्त्र भक्कम असेल तर नको. नसेल तर गणित विभागातले चांगले गुण हाच सर्वांत स्वस्त पुरावा.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन. अर्जात शिफारसकर्त्याचा ईमेल भरला की त्याला थेट दुवा जातो. तो ईमेल संस्थेचा असावा. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची जास्त छाननी होते. अमेरिकी अर्जांत पत्र वाचण्याचा हक्क सोडण्याबद्दल चौकट असते. तो हक्क सोडावा, नाहीतर पत्राचे वजन घटते. मुदतीच्या चार आठवडे आधी नाव भरा, कारण मुदत उलटून गेल्यावर पत्र आले तर काही शाळा अख्खा अर्ज अपूर्ण धरतात.

उद्देशपत्र हा कागद सर्वांत जास्त बिघडतो. ‘लहानपणापासून जगाचे कुतूहल’ ही सुरुवात समितीने हजारदा वाचलेली असते. प्रश्न कोणता, प्रदेश कोणता, आजवर त्यावर काय केले, कोणते कौशल्य कमी पडते आणि ते इथल्या कोणत्या कोर्समधून मिळेल, एवढे लिहा. शाळेचे नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे जात असेल तर ते तयार झालेले नाही. प्रिन्स्टन विद्यापीठ याव्यतिरिक्त धोरण-टिपण मागते. ते निबंधासारखे लिहिले की फसते. शिफारस पहिल्या परिच्छेदात हवी, शिवाय विरोधी बाजू आणि अंमलबजावणीची किंमतही हवी. सिपा गणित आणि भाषेच्या पूर्वतयारीची वेगळी नोंद मागते. काही शाळा वेळ लावून रेकॉर्ड होणारा व्हिडिओ प्रश्नही ठेवतात.

अमेरिकेतल्या मुदती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, निकाल मार्चच्या आसपास. ब्रिटनमध्ये अनेक विभागांत अर्ज येतील तसे तपासले जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेपर्यंत थांबणे म्हणजे भरलेल्या वर्गाचे दार ठोठावणे.

एक वर्ष की दोन?

फीच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. एका वर्षाचा ब्रिटिश कोर्स स्वस्त पडतो, पण त्याचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि इंटर्नशिपला जागा उरत नाही. दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधला उन्हाळा मोकळा असतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमांतर्गत कामाची परवानगी, म्हणजे सीपीटी, सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. म्हणून तिथल्या एका वर्षाच्या मास्टर्समध्ये पदवीआधी बाहेर काम करणे जवळपास अशक्य. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक वापरली तर त्याच पातळीची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, गमावली जाते.

ओपीटी १२ महिन्यांची असते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तरच आणखी २४ महिने मिळू शकतात. हे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देते तो फॉर्म) वरच्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावरून ठरते, जाहिरातीवरून नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांचा नेहमीचा कोड ४५.०९०१ हा त्या यादीत नाही. परिमाणात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ आहे. ऑफर स्वीकारण्यापूर्वी कोड लेखी मागा.

संयुक्त राष्ट्रांकडे डोळा असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम या तिथल्या सुरुवातीच्या पदांच्या भरतीला पहिली पदवी पुरते, वयाची मर्यादा ३२ आहे आणि त्या वर्षी तुमचा देश यादीत असावा लागतो. मास्टर्सचा उपयोग पुढे होतो: पी-३ या मधल्या श्रेणीच्या पदासाठी सर्वसाधारणपणे उच्च पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, म्हणून न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातल्या राहण्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

ऑफर आल्यावर

प्रत्येक शाळेसाठी एकच बेरीज करा: शिकवणी फी, बंधनकारक शुल्क, आरोग्यविमा आणि राहण्याचा खर्च, गुणिले वर्षे, वजा निश्चित मदत. ‘निश्चित’ हा शब्द तपासून घ्या. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालते का? किमान ग्रेडची अट आहे का? दुसऱ्या वर्षी फी वाढली तर मदतही वाढते की रक्कम तीच राहते? सहायकपदाचे (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचे काम) वेतन सुरुवातीला बेरजेत धरू नका. ते बहुधा तिथे पोहोचल्यावर मिळवावे लागते. प्रिन्स्टनच्या दोन वर्षांच्या एमपीएत पूर्ण फी दिली जाते आणि निर्वाहखर्चासाठीही मदत मिळू शकते, पण असे फार थोडे आहेत.

दुसरीकडे जास्त मदत मिळाली असेल तर डिपॉझिट भरण्यापूर्वी, ऑफरपत्र जोडून, पाच-सहा ओळींचा नम्र ईमेल पाठवा. काही वेळा रक्कम वाढते, आणि विचारल्याने ऑफर सहसा कुणी काढून घेत नाही. अमेरिकेत १५ एप्रिलचा संकेत आहे: त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्याआधी उत्तर सक्तीने मागू नये. तो केवळ सही करणाऱ्यांना आणि मदत असलेल्या ऑफरलाच लागू आहे, म्हणून साध्या प्रवेशाचे डिपॉझिट कधीपर्यंत भरायचे ते पत्रातच वाचा. प्रवेश वर्षभर पुढे ढकलला तर शिष्यवृत्ती बरोबर येईलच असे नाही. बहुधा नव्याने अर्ज करावा लागतो.

निश्चिती झाल्यावर अमेरिकेसाठी आय-२०, सेव्हिस शुल्क (विद्यार्थी-नोंदणीचे सरकारी शुल्क) आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) असा क्रम. ब्रिटनमध्ये सीएएस क्रमांक (व्हिसासाठी विद्यापीठ देते तो प्रवेशाचा क्रमांक) मिळण्यापूर्वीच निर्वाहनिधी सलग २८ दिवस खात्यात ठेवायला सुरुवात करा. एक दिवसही शिल्लक मर्यादेखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला तिथे जोडीदार-मुलांना सोबत नेता येत नाही. अंतिम गुणपत्रक किंवा पदवी प्रमाणपत्र उशिरा येणार असेल तर प्रवेश कार्यालयाला तारखेसह आधी कळवा, कारण अनेक ठिकाणी ते पोहोचेपर्यंत प्रवेश सशर्तच राहतो आणि नोंदणी अडकते.